तीन घरांचं सांडपाणी

पोर्टलेनन,
१४ सप्टेंबर १९९८

प्रिय इश्बेल,

तुझी जिरॅनियमची रोपं ठणठणीत आहेत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं वाचताना तुझा जीव त्यांच्यातच अडकून राहायचा.

आता रडगाणं. माझ्या मागच्या दाराशी मोरीची जाळी आहे ना, ती ऑगस्टपासून ओकायला लागली आहे. आत जायचं ते पाणी बाहेर येतं, आणि काय काय घेऊन येतं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. न्हाणीघर बंद, संडास बंद, स्वयंपाकघरात नाकाला रुमाल. कौन्सिलचा माणूस आला, चेंबरच्या झाकणाकडे लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "रस्त्याखालची लाइन आमची. अलीकडची तुमची." मी म्हटलं, "तुमची म्हणजे माझी एकटीची?" तर म्हणे, "ते तुम्ही तिघांनी आपसांत बघा." गेला.

मग घराच्या विम्याच्या कंपनीला लिहिलं. त्यांचं उत्तर तीनदा वाचलं, चष्मा पुसून एकदा वाचलं. माझ्या समजुतीप्रमाणे ते असं म्हणतात: लाइन तुमच्या तिन्ही घरांची सामायिक दिसते, म्हणून आम्ही फक्त तुमचा तिसरा हिस्सा देणार. बाकीच्या दोघांनी आपापल्या कंपनीकडे क्लेम करायचा. आणि तिघांचं ठरल्याशिवाय फावडं मारायचं नाही. एक तृतीयांश खड्डा कसा खणतात ते मात्र कुणी लिहीत नाही.

वरच्या घरी वॉटी गेडिसकडे गेले. तो म्हणतो, "माझं पाणी तुझ्याकडे येतच नाही. माझं आणि इश्बेलचं वरच्या अंगाला जातं, चर्चच्या गल्लीत. माझ्या बापाने स्वतः नळ्या टाकल्यात." मी म्हटलं, "वॉटी, चर्च चढावर आहे. पाणी चढ चढतं?" तर म्हणतो, "तेव्हाच्या नळ्या चांगल्या होत्या." आता या माणसाशी काय बोलणार?

मर्डो मागच्या रविवारी इन्व्हरनेसहून आला आणि नाक दाबून म्हणाला, "आई, पुरे झालं. नवीन वर्षापर्यंत हे निस्तरलं नाही तर घर विकायचं आणि आमच्याकडे यायचं." त्यांच्या घरी माझ्यासाठी खोली रंगवूनसुद्धा ठेवली आहे, फिकट गुलाबी. इश्बेल, मला त्या गुलाबी खोलीत मरायचं नाही. मला माझ्या घरात, तुझ्या शेजारी राहायचं आहे. तेव्हा कृपा करून तुझ्या कंपनीला लगेच लिही. फोन करू नकोस, मला त्यातलं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी चुकीचं ऐकते.

तू कधी येते आहेस?

तुझी,
नेटा

*

हॅलिफॅक्स, कॅनडा,
२७ सप्टेंबर

प्रिय नेटा,

वाचून जीव कासावीस झाला. या वयात तू बादल्या घेऊन फिरतेस हे डोळ्यांपुढून हलत नाही. माझ्या विम्याचे कागद सेंट अँड्र्यूजच्या वकिलाकडे आहेत, त्याला आजच लिहिते. माझा नातू, कर्स्टीचा बाळ्या, दात येताहेत म्हणून रडतो आणि त्याची आई झोप होत नाही म्हणून रडते, त्यामुळे माझी पत्रं स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच लिहिली जातात. अक्षर लावून घे.

सामायिक आहे की नाही ते मला खरंच ठाऊक नाही. माझा आर्ची होता तोवर असल्या गोष्टी तोच बघायचा. म्हणजे बघतो म्हणायचा. वॉटीचं काही मनावर घेऊ नकोस, त्याच्या बापाने नळ्या टाकल्या असतील तर चर्चमध्येसुद्धा पाणी शिरलं असेल.

जुलैत निघताना चावी देऊन जे म्हटलं होतं तेच पुन्हा म्हणते: घर तुझंच समज.

आर्चीने गेल्या उन्हाळ्यात तुझ्या अंगणात कपड्यांच्या दोरीचा लोखंडी खांब रोवला, तो सरळ आहे ना अजून? का कोण जाणे, परवा स्वप्नात तो वाकलेला दिसला. बिचाऱ्याच्या हातचं ते शेवटचं काम.

तुझी,
इश्बेल

*

पोर्टलेनन,
१० ऑक्टोबर

प्रिय इश्बेल,

खांब सरळ आहे. माझं डोकं मात्र वाकडं व्हायची वेळ आली आहे.

ऐक. गेले कित्येक दिवस मी माझ्या घरात पाण्याचा थेंब सांडत नाही. नळाला हात लावत नाही. माझं मी बघते कसं ते, तू काळजी करू नकोस. तरी ती जाळी सकाळी न्याहारीच्या सुमाराला भरते, आणि संध्याकाळी पुन्हा भरते. चक्क साबणाचा फेस येतो! मी सांडत नाही, तू कॅनडात, मग हा फेस कुणाचा? वॉटीचाच असणार. पण वॉटी आठवड्यातून एकदा आंघोळ करतो, हे साऱ्या गल्लीला वाऱ्यावर कळतं. काल त्याला विचारलंच. "मला विचारतेस?" म्हणाला. "तुझीच नळी, तुझंच भूत."

एक बरी बातमी. तुझ्या कंपनीचा माणूस येऊन गेला. एवढ्या लवकर पाठवतील असं वाटलं नव्हतं. चांगला सुटाबुटातला, हातात मोजपट्टी. तुझ्या घराचे पुढून फोटो काढले, खिडक्या मोजल्या. मी त्याला आत बोलावून चहा आणि ओटकेक दिले, आणि मागच्या दाराशी नेऊन सगळं दाखवलं. वास घ्यायला लावला. म्हटलं, "हे असं आहे, आणि हे तिन्ही घरांचं आहे, नीट लिहून घ्या." तो पांढराफटक पडला आणि निम्मा ओटकेक टाकून निघून गेला. असा मन लावून काम करणारा माणूस हल्ली बघायला मिळत नाही.

तू कधी येतेस ते लिहिलं नाहीस.

नेटा

*

हॅलिफॅक्स,
२१ ऑक्टोबर

प्रिय नेटा,

तो माणूस विम्याचा नव्हता. तो दुसऱ्या कामाने आला होता, छपराच्या वगैरे. पुन्हा आला तर कृपा करून त्याला मागे नेऊ नकोस. चहाही देऊ नकोस.

कंपनीचं पत्र मला काल मिळालं. आधी वाटलं, सोपं आहे. मग दुसऱ्या पानावर एक प्रश्न निघाला: घर रिकामं आहे का? सलग साठ दिवसांहून जास्त रिकामं राहिलं असेल तर ते काही देणार नाहीत. रिकामं म्हणजे मी तिथे राहत नाही, आणि माझ्या परवानगीने दुसरंही कुणी राहत नाही. मी दोनदा वाचलं, कर्स्टीने वाचलं, जावयाने वाचलं. अर्थ बदलला नाही. मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात निघाले, नेटा. मला खरं तेच लिहावं लागेल. आणि माझा हिस्सा आला नाही तर तुझंही घोंगडं भिजत पडणार.

फॉर्म अजून पाठवलेला नाही. टेबलावर आहे. बाळाने त्याचा एक कोपरा चघळला आहे.

तू रागावणार, तरी लिहिते. हिवाळ्यापुरतं मर्डोकडे जायला काय हरकत आहे? चांगला मुलगा आहे. गुलाबी खोली उबदार तरी असेल. आपलं दोघींचंही वय झालं, आणि दर वेळी घराला चिकटून राहायलाच हवं असं नाही.

इश्बेल

*

पोर्टलेनन,
२ नोव्हेंबर

इश्बेल,

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. म्हणजे मनातल्या मनात. तुला तिथे कळलं नसेल, मला इथे फार जड गेलं. कॅनडात बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे. मर्डोची बाजू घ्यायला मर्डो पुरेसा आहे.

पण तो राग आता माझ्याच अंगावर आला आहे. काय झालं ते सांगते.

परवा मिस् प्रिंगल म्हणून एक तरुण बाई आली, तिन्ही कंपन्यांनी मिळून पाठवलेली. ही खरीखुरी विम्याची, मी कार्ड बघितलं. तिच्याकडे रंगाच्या दोन बाटल्या होत्या. हिरवा रंग तिने वॉटीच्या संडासात ओतला आणि आम्ही तिघं माझ्या जाळीभोवती उभे राहिलो. थोड्या वेळाने हिरवंगार पाणी वर आलं. वॉटी वाकून बघत म्हणाला, "हे माझं पाणी नाही."

"मग कुणाचं, मिस्टर गेडिस?" ती म्हणाली.

"माझं एवढं हिरवं नसतं."

मग ती माझ्याकडे वळली. "आता मधलं घर. चावी तुमच्याकडे आहे ना?" मी म्हटलं, चावी सापडत नाही. ती म्हणाली, तुमच्या गळ्यातच आहे.

गेलो. इश्बेल, तुझ्या शेगडीपुढे माझ्या सपाता होत्या. तुझ्या न्हाणीत माझा टॉवेल ओला होता. तुझी किटली अजून कोमट होती आणि तुझ्या पलंगावर माझं विणकाम होतं. ती पोर सगळीकडे बघत होती. तिने तुझ्या टबात लाल रंग ओतला आणि बाहेर जाऊन उभी राहिली. मी बाहेर गेलेच नाही. मला वॉटीच्या ओरडण्यावरूनच कळलं. तो चक्क आनंदाने ओरडत होता.

सकाळ-संध्याकाळ माझ्या दारात जो फेस यायचा तो माझाच, गं. मी तुझ्याकडे आंघोळ करायची, ते पाणी माझ्याआधी माझ्या दारात जाऊन उभं राहायचं, आणि मी येऊन वॉटीला शिव्या द्यायची. तू विचारशील, एवढी साधी गोष्ट कळली कशी नाही? वॉटी म्हणाला होता ना, तुझं पाणी चर्चकडे जातं. क्लेमच्या वेळी मला तो खोटारडा वाटला आणि आंघोळीच्या वेळी खरा वाटला. माणूस सोयीचं तेवढंच ऐकतो, बहिरा असो की नसो.

ऑगस्टच्या शेवटापासून मी तुझ्याच घरी आहे. आधी फक्त संडासाला जायची. मग आंघोळीला. मग एका रात्री पाऊस आणि तो वास, आणि तुझा पलंग तिथे कोरडा पडलेला. विचारायला हवं होतं. तीस वर्षं मी तुझ्याकडे वाटीभर साखर मागितली नाही, आणि एकदम अख्खं घरच कसं मागायचं ते सुचेना. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसले. तुझा दुधाचा निळा जगही फोडला आहे. तेही आत्ताच सांगते.

चावी कुणाकडे द्यायची ते लिही. मी मर्डोला कळवते.

नेटा

*

हॅलिफॅक्स,
४ नोव्हेंबर

प्रिय नेटा,

घाईत लिहिते आहे. मी नुसतं विचारायला म्हणून कंपनीला फोन केला होता. तिथला मुलगा म्हणाला, कॅमेरा आत घातला तेव्हा नळीत सिमेंटचा गोळा आणि लोखंडी खांबाचं टोक दिसलं. कुठला खांब? तू तर काही लिहिलं नाहीस. आपल्या अंगणांत लोखंडी खांब आहेतच किती? नेटा, तो आर्चीचा नाही म्हणून सांग.

इश्बेल

*

पोर्टलेनन,
१२ नोव्हेंबर

प्रिय इश्बेल,

आपली पत्रं समुद्रावर एकमेकांना ओलांडून गेली. माझं पत्र तुला आता मिळालं असेल आणि तू माझं तोंड बघणार नाहीस, तरी खांबाचं उत्तर द्यायलाच हवं.

तो आर्चीचाच आहे.

रंग ओतला त्याच दिवशी मिस् प्रिंगलने नळीत कॅमेराही घातला, तेव्हापासून मला माहीत होतं, गेल्या पत्रात मुद्दामच लिहिलं नाही. त्याआधी तू विचारलंस, सरळ आहे ना, तेव्हा मी सरळ आहे म्हटलं, आणि तो सरळ आहेच. सरळ नळीत घुसला आहे. पण तुला तरी काय सांगायचं, की तुझ्या नवऱ्याच्या हातचं शेवटचं काम म्हणजे तीन घरांची मोरी फोडणं?

तुला तो दिवस आठवतो का? तू म्हणालीस, "आर्ची, खाली काय आहे ते आधी बघ." तो म्हणाला, "खाली माती आहे, इश्बेल. खाली नेहमी मातीच असते." मग पहारीचा ठण्ण आवाज झाला आणि तो म्हणाला, "दगड." आणि त्या दगडावर दोन बादल्या सिमेंट ओतलं. वर्षभर आपण दोघींनी त्याच दोरीवर चादरी वाळवल्या, आणि खाली एकेक दिवस नळी भरत होती. त्याने तो खांब माझ्या सांगण्यावरून लावला. जुनी दोरी फार खाली लोंबते म्हणून मीच कुरकुर करायची.

आता ऐक, हसू नकोस. मिस् प्रिंगल म्हणते, नळी जुनी होऊन आपोआप फुटली असती तर कुणालाच एक पेनी मिळाली नसती. झिजलेल्याला विमा नाही. पण भल्या माणसाने न बघता पहार घातली, याला अपघात म्हणतात, आणि अपघाताला विमा आहे. "फार बरं झालं त्यांनी फोडली ते," असं म्हणाली. मी खांबाकडे बघितलं. आर्चीची एवढी तारीफ त्याच्या हयातीत कुणी केली नव्हती.

वॉटीने फॉर्म भरला. आता तो गल्लीत सांगत फिरतो की लाइन सामायिक आहे हे पहिल्यांदा त्यानेच ओळखलं.

राहिली तू. तुझ्या कंपनीला खरं ते लिही. मी चोरून राहिले, ती काही परवानगी नव्हे. मर्डो जानेवारीत गाडी घेऊन येतो आहे. खांब मात्र काढावाच लागेल. काढताना मी तिथे उभी राहीन, त्याला एकटं वाटायला नको.

तुझी,
नेटा

*

हॅलिफॅक्स,
२४ नोव्हेंबर

माझी नेटा,

तुझी दोन्ही पत्रं हातात घेऊन मी कर्स्टीच्या जिन्यात बसले आणि इतकी हसले की बाळ घाबरलं. मग रडले, तेव्हा कर्स्टी घाबरली. "दगड!" त्याचा तो आवाज मला जसाच्या तसा ऐकू आला. तू माझ्यापासून लपवत होतीस, पण अगं, ज्या माणसाने लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात चित्र टांगायला खिळा ठोकला आणि तो वॉटीच्या खोलीत निघाला, त्याच्याकडून आणखी काय होणार होतं?

आता माझी पाळी. तू तुझं सगळं सांगितलंस, मी काहीच सांगितलं नाही.

मोजपट्टीवाला छपरासाठी आला नव्हता. तो घर विकत घ्यायला आला होता. विकायचं म्हणून मी वकिलाला ऑगस्टमध्येच कळवलं होतं. तुझी पत्रं येत होती, "कधी येतेस, कधी येतेस," आणि मी बाळाच्या दातांचं लिहीत होते. मर्डोकडे जा म्हणून सांगितलं ते तुझ्या भल्यासाठी नव्हे, तू तिथे गेलीस की मला बोचणार नाही म्हणून. त्याची मला लाज वाटते.

मला घर नको होतं असं नाही. आर्ची गेल्यावर फेब्रुवारीपासून मी दुकानातून परत यायची, वळणावर थांबायची आणि खिडकी बघायची. काळी. हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडतो आपल्याकडे. मी बाहेर असले की आत दिवा लावायला कुणी नाही. त्या काळ्या खिडकीला मी इतकी भ्यायले की समुद्र ओलांडून पळाले. हे मी कर्स्टीलाही सांगितलेलं नाही.

आणि ऑगस्टपासून तिथे दिवा होता. माझ्या शेगडीपुढे सपाता होत्या. मी इकडे रात्री पडल्यापडल्या रिकाम्या घराची भीती बाळगत होते आणि तू तिकडे माझ्या टबात साबण लावत होतीस!

फॉर्म गेल्या आठवड्यात फॅक्सने पाठवला. "घर रिकामं आहे का?" याच्यापुढे लिहिलं: नाही. खाली लिहिलं की माझी शेजारीण मिसेस नेटा लॉरी तिथे राहते, मी जुलैत स्वतः चावी देऊन घर तुझंच समज असं तिला म्हटलं होतं, आणि मी बोलते ते मनापासून बोलते. वकिलाने फोनवर घसा खाकरून विचारलं, परवानगी नक्की दिली होती ना? मी म्हटलं, दिली होती. तिने ती घेतली हे मला उशिरा कळलं एवढंच. कंपनीला ते पटलं आहे. विक्रीही थांबवायला सांगितली. गंमत म्हणजे, गिऱ्हाईक तसंही पळालं होतं. तुझ्या चहाने.

मी एकोणतीस डिसेंबरला पोहोचते, वर्ष उलटायच्या आत. नाहीतर एक तारखेला तुझ्या उंबऱ्यात पहिलं पाऊल माझं पडायचं, आणि नव्या वर्षी पहिली लाल केसांची बाई आली, अपशकुन झाला, म्हणून तू वर्षभर मला बोल लावशील. केस आता पांढरे झाले आहेत, पण तुझा काय भरवसा.

निळा जग मला कधीच आवडला नव्हता.

इश्बेल

*

पोर्टलेनन,
७ डिसेंबर

प्रिय इश्बेल,

तुझं पत्र आलं. मी त्याच्याबद्दल लिहायला बसले तर कागद ओला होईल, म्हणून आधी कामाचं.

दोन माणसांनी चार दिवस खणलं. खांब उपटायला ट्रॅक्टर आणावा लागला. सिमेंट एवढं पक्कं होतं की मुकादम म्हणाला, ज्याने हे ओतलं त्याने बंदर बांधायला हवं होतं. नवी नळी बसली. मिस् प्रिंगलने जाताना शेवटचा थोडा हिरवा रंग वॉटीकडे ओतला, आणि आम्ही सगळे जाळीभोवती उभे राहून काहीच वर न येण्याची वाट बघत राहिलो. काहीच आलं नाही. वॉटीने टोपी काढली.

खांब त्यांनी भंगारात न्यायला घेतला होता, मी नेऊ दिला नाही. तुझ्या अंगणात ठेवला आहे. बसवायचा असेल तर तिकडे बसव, मात्र खाली काय आहे ते आधी बघून घेऊ.

मर्डोला लिहिलं की गुलाबी खोलीत पाहुण्यांना ठेव. तो फोनवर बराच वेळ बोलला. मला निम्मं ऐकू आलं नाही, आणि या वेळी उरलेलं निम्मंही मी ऐकलं नाही.

आता माझं न्हाणीघर चालू, संडास चालू, स्वयंपाकघरात सुपाचा वास. तुझ्याकडे जायचं काही कारण उरलेलं नाही. चादरी धुतल्या, पलंग आवरला, चावी गळ्यातून काढून बरणीत ठेवली. पहिल्या दिवशी चार वाजता अंधार पडला आणि मी माझ्या खिडकीतून तुझी खिडकी बघितली. मग बरणीतून चावी काढली, तुझ्याकडे गेले, दिवा लावला, आणि सपाता घालून तिथेच बसले. तेव्हापासून रोज बसते आहे. विम्यासाठी नाही.

लवकर ये, आणि मला माझ्या घरी हाकलून दे.

तुझी,
नेटा